पाचर

डेल्मार स्टकीला जाऊन दीड महिना झाला होता.
अर्व्हेलाचा फोन आला:
त्याची लोखंडं तेवढी बघून जा, एल्डन.

सेडेलियापर्यंत चार तास,
दोन्हीकडे मक्याची खुंटं, त्यांच्यात शिळा बर्फ.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं टॉवेल अंथरलेला,
वर नऊ रिव्हॉल्व्हरं, ठासणीची,
जेवायला बसवल्यासारखी.
एकालाही पॉलिश नाही.
"डाग पुसलास तर घटस्फोट, म्हणायचा."

मी नेव्ही उचललं, एक्कावन्नचं मॉडेल.
सिलिंडरवर कोरलेली लढाई झिजून
एका जहाजाचं शीड आणि थोडा धूर, एवढंच उरलेलं.
नळी, चौकट, सिलिंडर, ट्रिगरची कमान:
सगळीकडे एकच आकडा.
फक्त पाचरीवर दुसरा.
तो माझ्या घरातल्या नेव्हीचा.

कुणा दोघांनी कधीतरी एकाच घोंगडीवर
आपापली हत्यारं खोलली असतील,
हात तेलकट, अंधार पडत आलेला,
आणि करंगळीएवढ्या दोन पाचरी
इकडची तिकडे.
असं आपलं मी म्हणतो.
विकणाऱ्यांचं ऐकाल तर
प्रत्येक रिव्हॉल्व्हर प्रत्येक लढाईत होतं.

बावीस वर्षं, एक जानेवारीला सकाळी फोन.
"विकतोस?"
"तू विक."
मग गुडघे, मक्याचा भाव, कोण गेलं.
आमच्यात पाचर कुणी मारली विचाराल तर
ती ही, तोळाभर वजनाची.

अर्व्हेला कॉफी ओतायला वळली
तेव्हा खिशातून त्याची काढली.
रुमालात गुंडाळून आणली होती, खोटं कशाला बोलू.
त्यातली ओढून काढली, ही लावली.
अर्ध्यात अडली.
अंगठ्यानं दाबली. पुन्हा दाबली.
दीडशे वर्षांत ते भोक
परक्या पाचरीच्या मापानं झिजलेलं.
लाकडी हातोडी समोरच होती, डेल्मारची,
दांड्यावर त्याच्या घामाचा काळा पट्टा.
नाही उचलली.

जुनी परत घातली.
एका बोटानं बसली. टक्.

"जुळतात का रे सगळे आकडे?"
कप ठेवता ठेवता तिनं विचारलं.
"जुळतात," म्हटलं,
आणि चेक त्याच हिशेबानं लिहायला घेतला.
आज तारीख किती, विचारलं.
"सोळा," ती म्हणाली.
"साखर चालते ना तुला अजून?"