कडेची बोटं

वेंगुर्ल्याला मांडवीच्या वळणावर
बर्फाच्या कारखान्याला खेटून आबांचा स्टुडिओ होता.
कॅमेरा जर्मन, रोलायफ्लेक्स.
मुरगावला नांगरलेल्या बोटीवरचा कुणी इंजिनिअर
पत्त्यांत हरला आणि देऊन गेला, असं आबा सांगत.
आई म्हणे, पत्ते कसले, माझ्या पाटल्या.

दोन डोळे, एकावर एक.
वरचा नुसता बघायचा, खालचा घ्यायचा.
वरचं भिंग मोठ्या तोंडाचं, उजेड जास्त पिणारं,
आणि त्याच्यापाशी काही उरायचं नाही.

झाकण उघडलं की चार पत्रे उभे राहत
विहिरीच्या कठड्यासारखे.
आबा आत वाकून बघत.
समोरच्यापुढे मान खाली घालून
त्याचा फोटो काढणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.
त्या विहिरीत उजवं ते डावं.
"उजवीकडे सर" म्हणत आणि हात डावीकडे करत,
गिऱ्हाईक गोंधळून हसे, तेवढ्यात खटका.
खटका तरी कसला,
कुर्ली ओल्या वाळूत शिरावी तेवढा आवाज.

येणारे बहुतेक खलाशी.
शिरोड्याचा मिंगेल, केळुशीचे दोघे भाऊ,
कुवेतला निघालेला इस्माईल दर्जी.
पासपोर्टला मागे पांढरं लागे आणि आमची भिंत शेवाळलेली,
म्हणून पडदा मी धरायची, स्टुलावर चढून,
दहाव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत.
"चेडवा, ताठ धर गो, सुरकुती पडता."
चेहरे मी पाहिलेच नाहीत.
वासावरून ओळखायची: ब्रिलंटाइन, बांगडा, डिझेल,
एकदा नुसतीच भीती.

बारा फोटोंचा रोल.
हँडल पुढे फिरवलं की फिल्म सरके,
मागे आणलं की शटर चढे;
एका माणसावर दुसरा येऊ न देणारी शिस्त.
अकरा झाले की बंदरावर निरोप जाई:
अजून एक जण पाठवा, मग धुतो.

रात्री कॅमेरा कापडात गुंडाळून तांदळाच्या डब्यात,
भिंगाला बुरशी धरू नये म्हणून.
कधी कधी पेजेला चामड्याचा वास यायचा.

आबा गेल्यावर बिस्किटांच्या डब्यात निगेटिव्ह सापडल्या.
पासपोर्टसाठी कडा कापल्या जात,
इथे मात्र अख्खा चौकोन.
खिडकीत उजेडाला धरला.
पडदा काळा, माणसं राखाडी, बुबुळं पांढरी,
आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांत माझी बोटं.
एकावर चिंधी, म्हणजे काजू भाजताना चीक उडाला ते वर्ष.
एकात नखं कुरतडलेली.
शेवटच्या रोलात मनगटाशी चुडा.

ह्या कॅमेऱ्यात, जवळ जावं तशी
काचेखालची चौकट आपोआप सरकते,
वरच्याने पाहिलेलं आणि खालच्याने घेतलेलं जुळतं.
नजरचुकीने काही आत येत नाही.
आबांना फक्त एक पाऊल पुढे यायचं होतं,
किंवा म्हणायचं होतं, हात मागे घे.
पडदो ताठ धर, एवढंच म्हणत राहिले.

परवा कुडाळच्या दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला.
शटर चिकटलंय, खालच्या भिंगात जाळं.
म्हणाला, बघता येईल, घेता येणार नाही.

संध्याकाळी बंदरावर नेला.
मान खाली घातली.
काचेवर दीपगृह भलत्याच हाताला,
एक ट्रॉलर निघालेला.
उलट दिसतो म्हणून काही परत येत नव्हता,
जातच होता, फक्त दुसऱ्या अंगाने.
मी भिंग उचलून धरलं, तो कडेला पोचेपर्यंत.

मागून जाळं विणणारी कुणीतरी म्हणाली,
"गो बाय, खाली काय पडला तुजा?"