उगवण चाचणी

जालन्याच्या एमआयडीसीत मी बिया मोजते.
ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळायचे,
सातव्या दिवशी उघडायचे.
एकाच लॉटचे दाणे, एकच पाणी, एकच ऊब,
तरी सत्याऐंशी उगवतात, तेरा नुसते फुगतात.
का, ते लिहायला रजिस्टरात रकाना नाही.

मुंजाजी आणि लिंबाजी, माझे भाऊ.
दोघं सळईच्या मिलमध्ये, भट्टीच्या तोंडाशी.
शिफ्ट एक, उधारीची वही एक,
चपटीसुद्धा एकच, मधोमध नखाने खूण करून वाटलेली.
लिंबाजी खुणेच्या खाली उतरायचा नेहमी.
त्याला खांद्यावर टाकून घरी आणायचा
तो मुंजाजी.

आणि पिवळा पडला तोही मुंजाजीच.
आधी डोळे, मग तळहात,
मग पोट असं चढलं की शर्टाची बटणं लागेनात;
लावत बसायचा, पाहुणे आले की.
कावीळ उतरवणाऱ्या म्हाताऱ्याने
चुन्याच्या पाण्यात त्याचे हात धुतले,
पाणी पिवळं झालेलं दाखवलं,
पैसे मोजून घेतले. म्हणाला, उतरली.

आमच्या गल्लीत अकराव्या दिवशी नळ येतो.
घाटीत एका सकाळी त्याच्या पोटातून सहा लिटर काढलं.
मी त्या डब्याकडे बघितलं
आणि माझ्या मनात आधी आलं, अर्धी घागर.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दारू कुणाला सोडत नाही म्हणतात.
लिंबाजी तेराव्याला पिऊन आला,
चौदाव्याला मिलच्या गेटवर हजर.

सिद्दीकी मॅडमनी अभ्यासासाठी तिघांचंही रक्त घेतलं होतं.
केसपेपरच्या पाठीवर पेनाने काढून दाखवलं:
ही बाविसावी जोडी. ही एका प्रथिनाची साखळी,
हिच्यात एकशे अठ्ठेचाळिसावी कडी निराळी.
बस, एका अक्षराचा फरक,
घाईत काना द्यायचा राहून जावा तसा.
मग यकृतातली चरबी हलत नाही, साचत जाते,
वर दारू पडली की लवकर करपतं.
“हे अक्षर कुणाला प्यायला लावत नाही,” त्या म्हणाल्या,
“आणि ते नसलं म्हणून कुणाला सूटही नाही.”

मुंजाजीकडे त्याच्या दोन प्रती.
माझ्याकडे एक.
लिंबाजीकडे एकही नाही.

दोन म्हणजे काय, ते बियाण्यातल्या बाईला समजवावं लागत नाही.
एक नराची, एक मादीची.
बापाची एक, ठीक. तो तसाही फोटोत आहे.
दुसरी मायची.
जिने आयुष्यात थेंब शिवला नाही,
मंठ्याकडच्या आमच्या गावात
तापलेल्या उन्हात दार दार वाजवून
मतदानाला बायका काढल्या
आणि बाटली आडवी करून दाखवली, त्या मायची.

ती चुलीपुढून म्हणाली, “काय लिव्हलंय गं कागदात? कुनाकून आलं?”
मी म्हणाले, बापाकडून.
“मला वाटलंच व्हतं,” म्हणाली,
आणि भाकरी उलटली.
बापाने जिवंतपणी इतकं ऐकून घेतलं,
त्यात हे एक.

लिंबाजीने संध्याकाळी ओट्यावर विचारलं,
“माझं काय निघालं, ताई?”
बाटली मांडीशी, झाकण दुसऱ्या हातात.
त्याच्या आवाजात भीती होती, आणि भीतीखाली
सुटका मागणारं काहीतरी.
खरं सांगितलं असतं तर त्याने ते सणासारखं साजरं केलं असतं.

म्हणाले, दोन. तुझ्यातही दोन आहेत, मुंजाजीसारख्याच.

बराच वेळ तो रस्त्याकडे बघत होता.
एक टँकर गळत गेला.
मग त्याने झाकण लावलं, नीट, आटे बसेपर्यंत.

आज सातवा दिवस.