लुकलुकत नाही

मंगळवार. बाटल्यांचा डबा ढकलत
मागल्या गल्लीत आले, तर डोरीन थ्रेलफॉल
गाऊनवर नवऱ्याचा मेणकापडी कोट चढवून
मान वर करून उभी.
"ते काय गं?"

मासे-चिप्सवाल्याच्या धुराड्याशेजारी
टपोरं, पांढरं,
कुणी मालवायचा विसरला असावा असं.

विमान, मी म्हणाले.
विमान एव्हाना डब्लिनला उतरलं असतं.
ड्रोन, ती म्हणाली, नातवाकडे आहे तसलं.
नातू लीड्सला असतो.
खाडीतल्या गॅसच्या फलाटावरचा दिवा?
फलाट पाण्यावर आहे, डोरीन,
धुराड्यावर नाही.

"तुम्हा लोकांना कळतं ना यातलं."
आवाजात डंख नव्हता.
मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मग एक डोळा मिटून
धुराड्याची कड आणि ते, असं धरून ठेवलं.
डोरीन मोठ्यानं आकडे मोजत होती,
चाळीसनंतर चुकली, पुन्हा पहिल्यापासून.
ते सरकत होतं. तव्यावरच्या लोण्यासारखं,
आधी वाटतं हललंच नाही.

"लुकलुकत नाही," ती म्हणाली.
"विल्फ म्हणायचा, लुकलुकत नाही ते..."
पुढचं तिला आठवेना.
ओहोटीच्या वाळूत कोळंबीचा ट्रॅक्टर घेऊन
अंधारात जायचा विल्फ.
वाक्याचा उरलेला अर्धा भाग
फेब्रुवारीत त्याच्याबरोबर गेला.

भावाला फोन लावला. कोयनेला, रात्रपाळीवर.
तिकडे सव्वाएक.
"पश्चिमेला? लुकलुकत नाही ना? मग ग्रह.
एवढा लख्ख म्हणजे शुक्रच.
इकडे केव्हाच मावळला." आणि जांभई.

शुक्र.
ह्याचा अस्त होता म्हणून
माझं लग्न नऊ आठवडे पुढे गेलं होतं.
हॉलची अनामत बुडाली,
बाबा कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाले,
उगवू दे त्याला.
उगवला असणार, कारण लग्न लागलं.
मी वर पाहिलं नाही, तेव्हाही,
आणि सहा वर्षांनी दोन बॅगा घेऊन
त्या घरातून निघाले तेव्हाही.
पहिल्यांदा पाहतेय, मोरकममध्ये,
तेलाच्या वासात, पायात सपाता.

डोरीनला नाव सांगितलं, तिच्या भाषेतलं.
"हं. विल्फ दुसरंच काहीतरी म्हणायचा."
मग लग्नाचंही सांगितलं.
ती इतकी हसली की खोकला लागला.
"आणि आता? आता आहे का परवानगी?"
आता आहे.
"मग बघ बाई एखादा. माझं झालं."

तोवर तो धुराड्याआड गेला.
आम्ही दोघी काही न बोलता
दोन पावलं डावीकडे सरकलो.
होता तिथं.
थोड्या वेळानं आणखी दोन.
डबा गल्लीच्या मधोमध तसाच.