भुजंगदादाला, नक्षीच्या कागदावर

तुला ऐकू येत नाही म्हणून लिहितो.
वडगावात आलं की मी अजून 'लिहितो'च म्हणतो,
तिकडं माजाळीच्या दवाखान्यात बायका हसतात.
चौकटीचा कागद तुझाच आहे,
मागं अर्धा मोर, पुढं मी.
माग बंद करू नकोस,
केलास की मालक बघतो.

तर कारणं.

गाडी सकाळी सहाला.
खानापूरपर्यंत गारठा, लोंढ्याला चहा,
रामनगर, जोयडा, मग अणशीचा घाट,
तिथं सगळ्यांच्याच कानाला दडे बसतात.
घटकाभर अख्खी गाडी तुझ्यासारखी,
खुणा करते, उगाच हसते.

काळी नदी पुलाशी इतकी रुंद होते
की तुला राग येईल.
इथं आठवड्यानं नळ येतो,
घागरी मांडून तू रात्रभर जागतोस.
येऊ दे राग.
राग यायला म्हणून तरी ये.

मासे खात नाहीस, ठाऊक आहे.
तुळसूबाय सोलकढी करते,
पहिल्या वाटीला तोंड वाकडं करशील,
तिसरी मागून घेशील.

करंट गेला तरी समुद्र चालूच असतो,
हे तुला पटायचं नाही.

वहिनीला विचारलंय.
म्हणाली, ने की,
चार दिवस टीव्ही बारीक आवाजात बघेन.

आता खरं.
गावाच्या टोकाला वाट चढते,
काजूंतनं, दगडांतनं, अर्धा तास.
पलीकडं उतरलं की तिळमाती.
वाळू काळी. काळी म्हणजे तीळच,
सूप दिलं तर पाखडत बसशील.
लाट मागं फिरली की सगळी एकदम सरकते,
आणि आवाज,
आवाजाचं मी लिहिणार नव्हतो.
पण तो कानानं येत नाही गा.
टाचेतनं येतो, पोटरीतनं, गुडघ्यापर्यंत.
ह्या फरशीतनं तुला कळतंय न्हवं,
कुठला माग अडला,
कुठला धोटा घासतोय?
तसाच.
मी डोळे मिटले तर पायाखाली
आपली ही गल्लीच सुरू होती.
एवढा घाट उतरून पुन्हा वडगावातच,
जरा वैतागलोसुद्धा.

पुडीत मूठभर आणलीय. बघ.

त्यानं वाचलं. वरनं खाली,
मग मधूनच एकदा.
पुडी सोडली, चिमूट घेतली,
थेट तोंडाकडं.
मी मनगट धरलं.
"गूळ कुठाय मग?"
मागांच्या वर आवाज काढून तो ओरडला,
पलीकडची पोरं वळून बघायला लागली.

लाल दोरा तुटला होता, तो गाठून आला.
चष्मा कपाळावर सारून
चिमूट खिडकीच्या उजेडात धरली,
अंगठ्यानं चोळली, हुंगली, पुन्हा चोळली,
सुताचा नवा माल आल्यावर करतो तसं.
मग पेन्सिल घेऊन,
मोराच्या रिकाम्या राहिलेल्या पिसाऱ्यात
एका चौकटीत एक अक्षर बसवत लिहिलं,
जशी काय बहिरी मीच:
रंग पक्का आहे?

मला कुठं ठाऊक, दादा.
खांदे उडवले.

त्यानं पुडी बांधली,
बॉबिनच्या डब्यात टाकली, झाकण दाबलं.
दोन पावलं मागाकडं गेला,
आणि पाठमोराच
एक हात वर करून पाच बोटं दाखवली,
मग दुसऱ्या हाताचं एक.
सहा?

मी मान हलवली. त्याला दिसली नसणार,
म्हणून फरशीवर टाच आपटली.