पर्किन्स गार्डाची कॅसेट

पर्थला जाताना पर्किन्स गार्डानं पलंग विकला,
पितळी कंदील विकला, कुत्रा चर्चच्या माळ्याला दिला
आणि बाबांना नुसतीच एक कॅसेट.
विलायतेतली जुनी मालिका. नवरा, बायको, सोफा
आणि न विचारता आत येणारी शेजारीण.

भुसावळचा मे महिना. कूलरच्या वाळ्याचा ओला वास,
भाड्याचा व्हीसीआर, दहाच्या आत परत द्यायचा,
आणि इंग्रजी आम्हाला येत नव्हतं.
बाबांना यायचं, पण ते लोको शेडमधलं:
व्हॅक्यूम, गॅस्केट, ओव्हरहॉल.
नवरा काहीतरी म्हणायचा, माणसं हसायची,
मग आम्ही हसायचो,
लेट गाडीसारखे.

आई हसायची नाही.
कळण्याच्या पिठात हात तसेच ठेवून बघायची.
‘हे कोन हासी राह्यलं? दिसत तं कोनी नाही.’
‘इतका चहा पितात, गाळणी कुठी हाय?’
‘यांच्या घराले चौथी भिंतच नाही.
पावसात सोफा कुठी सरकवत असतीन?’

आमच्या क्वार्टरला भिंती चार,
त्यातली एक नारखेड्यांशी सामाईक.
फोडणी आमची, शिंका त्यांच्या.

त्या रात्री भांडण भरतातल्या मिठावरून निघालं
आणि सावद्याच्या मामापर्यंत पोचलं.
कॅसेट चालूच होती, कुणी बघत नव्हतं.
बाबा ताटावरून उठले, बोट वर करून म्हणाले,
‘या घरात माझं ऐकतं कोण?’

आणि टीव्हीतली शे-दोनशे माणसं
खो खो हसली.

बाबांचं बोट वरच.
त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग आमच्याकडे,
जणू आमच्यातल्याच कुणीतरी ती माणसं आत घेतली होती.
आईनं पदर तोंडात कोंबला. खांदे हलत होते.
भिंतीपलीकडून नारखेडेकाकूही हसल्या,
त्यांच्याकडे तर व्हीसीआर नव्हता.
बाबा खाली बसले. मीठ मागितलं.

कॅसेट पुढे बुरशीनं गेली.
बाबांचे कान शेडनं नेले, हळूहळू, पगारासोबत.
आई आता काही बोलली की जरा थांबते,
भाकरी उलटताना, कुलूप शोधताना,
हसण्यापुरती जागा सोडते.
बाबा तिच्या तोंडाकडे बघत बसलेले असतात.
ऐकू काहीच येत नाही, ती थांबली एवढं दिसतं,
आणि ते हसतात.

काल गॅस संपला म्हणाली,
तेव्हाही.