तळहाताएवढी जागा

कुर्टीच्या चढावर बस्त्यांवचं दुकान.
बाहेर जुन्या टायरांची उतरंड,
सगळ्यात वरच्या टायरात पाणी,
पाण्यात आरोग्य खात्याने सोडलेले गप्पी मासे.
मी विचारते, मऊ कितीला?
तो म्हणतो, बाय, मऊ सगळ्यांनाच हवं असतं.

मग तीन टायर समोर उभे करतो,
स्थळं दाखवावीत तसे.

पहिला वीस हजार किलोमीटर जाईल म्हणतो,
खड्ड्यात आपट, उन्हात टाक, विसरून जा.
मी अंगठ्याचं नख रोवते.
नख वाकतं, त्याच्यावर ओरखडाही नाही.
संसाराला चांगला. वळणाला नको.

दुसऱ्यात नख रुतलं,
आणि रुतल्याची खूण
आढेवेढे घेत भरून आली.
हात काढवेना.
किंमत ऐकली, काढला.
तीन हजार किलोमीटर फार तर, बस्त्यांव म्हणाला,
आणि गार असताना निव्वळ साबण.
पहाटे सहाला बाणस्तारीच्या पुलावरून जातेस ना?
तो तापेपर्यंत तुझं बांबोळीचं हॉस्पिटल येईल.

तिसरा मधे कडक, कडांना मऊ.
सरळ रस्त्याला मधला भाग झिजवायचा,
कडा रविवारसाठी.
मी ओढणीने त्याची बाजू पुसली,
चार आकडे दिसले, आठवडा आणि साल.
सहा वर्षांपूर्वीचा.
म्हणूनच तर स्वस्त, तो हसला.
मी लॅबमध्ये तारीख बघितल्याशिवाय
बाटलीचं बूच काढत नाही, म्हटलं.
तो माळ्यावर चढला, बराच वेळ खुडबुडला,
यंदाचा घेऊन उतरला,
अकराशे रुपये वाढवून.

अकराशे म्हणजे दोन रात्रपाळ्या
आणि भिशीत शाबीबरोबर नंबराची अदलाबदल.
जुन्या टायरचे त्याने दोनशे वजा केले.
पुढचा आहे तोच राहू दे, पुढच्या वर्षी बघू.

घाटापलीकडे, बेळगावच्या अलीकडे
एक बंद पडलेली धावपट्टी आहे,
महिन्यातला एक रविवार ती आम्हाला भाड्याने मिळते.
अठरा गाड्या, त्यातल्या बायकांच्या दोन,
माझी आणि म्हापशाच्या इर्माची.
इर्माची गाडी टेम्पोतून येते.
माझी मला घेऊन येते,
अनमोडच्या वळणांवरून, ट्रकांनी सांडलेल्या लाल धुळीतून,
आणि संध्याकाळी तिनेच मला परत न्यायचं असतं.
पडायचं तर परवडेल इतकंच.

पहिले शंभर किलोमीटर मी त्याला जपलं,
नव्या टायरवर मेण असतं,
अंगावर रबराच्या मिशा.
तिथे पोचून हवा कमी केली, अठ्ठावीस,
पुन्हा मोजली, पुन्हा अठ्ठावीस.

पाचव्या फेरीपर्यंत काही नाही.
सहाव्या फेरीत, ड्रम मांडून केलेल्या डाव्या वळणावर,
मागचं चाक सरकलं.
हातभर नाही, बोटभर,
आणि परत धरलं.
रस्त्याला टेकलेली जागा केवढी असेल?
माझ्या तळहाताएवढी,
त्यातही निम्मी.
हेल्मेटच्या आत मी बस्त्यांवला मोठ्याने शिवी दिली,
प्रेमाने,
तेवढ्यात इर्मा आतून निघून गेली
तिच्या महागड्या मऊ टायरांवर.
जाऊ दे. टेम्पोचं भाडंही तीच भरते.

परतताना हवा भरली. घाटात अंधार,
मी साठच्या वर गेले नाही.

सोमवारी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये
राखणदार सगुण वाकून बघतो,
कडांना वळलेल्या रबराच्या गोळ्या,
उंदराने कुरतडलंय की काय?
हो, म्हणते, चांगला धष्टपुष्ट उंदीर आहे.

वर आठ नंबरच्या टेबलाशी
पहिले आजोबा बाही वर करून बसलेत.
पट्टा बांधते,
कोपराच्या खळगीत अंगठा दाबते,
दबतेय, भरून येतेय का बघते.
ते म्हणतात, हळू हां.
मी म्हणते, हात ढिला सोडा.