दंडवहीचं तिसरं पान

पहिल्या पानावर ठराव आहे, माझ्याच अक्षरात:
आखाजीआधी चारोळीला हात लावायचा नाही.
खाली अंगठे, निळे,
जांभळं खाल्लेल्या जिभांसारखे.
रेहंज्या कारभाऱ्याचा सगळ्यांत मोठा,
अर्धी ओळ गिळून बसलेला.

ठराव सोपा होता.
अवघड होतं ते चैत्रातलं झाड,
उदईच्या वरच्या अंगाला, हिरव्या दाण्यांनी वाकलेलं,
कुणाचंच नसलेलं,
म्हणजे जो आधी पोचेल त्याचं.
मी नाही तोडलं तर पलीकडचा पाडा तोडेल;
पलीकडचा पाडा म्हणे, आपण नाही तर ते तोडतील.
आणि दोघंही तोडायचो कच्चंच,
फांदीसकट, कधी बुंध्यासकट.
जात्यात भरडलं की निम्मं फोल.
धडगावचा व्यापारी मूठभर उचलायचा,
एक फुंकर मारायचा,
आणि आमचा अख्खा चैत्र
त्याच्या दुकानाबाहेर उडून जायचा.

मग राखणीची पाळी लागली.
रात्री दोन माणसं: एक इथलं, एक तिथलं.
जाळपट्ट्यावरचा पाला ओढायचा,
वाऱ्याची दिशा हुंगायची,
कांडोळाच्या पांढऱ्या खोडाआड विडीचा ठिपका हलला
की खाकरायचं.

नवव्या रात्री मी होतो, आणि पलीकडची जोबीबाई.
ती झिऱ्यावर पाण्याला गेली.
कारण विचारू नका.
कारण प्रत्येकाकडे असतं,
माझ्याकडे अठराशे रुपयांचं होतं.
फांदी मोडल्याचा आवाज
डोंगराने एकदा ऐकला
आणि समोरच्या कड्यावरून मलाच परत ऐकवला.

जोबीबाईने हंडा खाली ठेवला.
माझ्याकडे नाही, फांदीकडे पाहिलं.
आरडाओरड नाही, काही नाही.
एवढंच म्हणाली,
"वही तुझ्याजवळच असते ना?"

महूखाली सभा बसली.
पोरं हसली, बाया हसल्या,
माझी बायको हसली नाही.
रेहंज्या म्हणाला, पैशाचा दंड नको,
पैसा दिला की माणूस विसरतो.
चाळीस बिया लाव. उगवतील तेवढ्या जगव.
मग मी तिसरं पान उघडलं
आणि लिहिलं: दारासिंग फुलजी पावरा.
स्वतःचं नाव इतक्या सावकाश
मी शाळेतही काढलं नव्हतं.

आखाजीला दोन्ही पाडे एकदमच वर चढले.
फळ काळं झालेलं, नुसतं बोट लावलं की तळव्यात.
पोरांची तोंडं काळी, हनुवट्या काळ्या,
खाली अंथरलेल्या लुगड्यांवर टपटप टपटप.
त्या बाजाराला व्यापाऱ्याने मूठ उचलली, फुंकर मारली.
काही उडालं नाही.
त्याने पुन्हा फुंकलं.
जोबीबाई म्हणाली, शेठ, दमाल.

माझ्या चाळीस बिया आषाढात मातीत गेल्या.
चारोळीची बी म्हणजे दगडच;
हलकेच ठेचावी लागते,
जास्त ठेचली तर मेली, कमी ठेचली तर झोपली.
शेणकाल्यात भिजवल्या, काट्यांचं कुंपण केलं.
अकरा उगवल्या.
चार खाल्ल्या शेळीने,
आणि शेळी निघाली जोबीबाईची,
म्हणून चौथं पान तिच्या नावावर आहे.
तिने अंगठा देताना शाई जरा जास्तच लावली.

सात उरल्या.
रोज कावडीने पाणी घालतो,
दंड संपून दोन वर्षं झाली तरी.
त्यांतली एक अशा जागी आली आहे
की दोरी धरली तर पलीकडच्या पाड्याच्या शिवेत जाते.
तिचं काय करायचं, अजून ठरलेलं नाही.
दोन सभा झाल्या त्यावर.
पान कोरं सोडलं आहे.
जोबीबाई म्हणते, कमरेइतकी तर होऊ दे,
मग भांडू.